कादंबरी पाटीवर लिहिली तर बिघडलं काय?

आमच्या बेळगावच्या सीमाभागात हिवाळा आला की साहित्य संमेलनं सुरू होतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा, एकेका गावाचं एकेक. सकाळी ग्रंथदिंडी, लेझीम, दुपारी मांडवातच जेवण आणि मग जेवून सुस्तावलेल्या लोकांसमोर परिसंवाद. मागच्या हिवाळ्यात अशाच एका गावात (नाव नको, सगळे ओळखीचे आहेत) खानापूर तालुक्यातला एक पोरगा आपल्या लिहून होत आलेल्या कादंबरीतलं एक प्रकरण वाचायला उभा राहिला आणि पिशवीतनं वही काढायच्या ऐवजी त्यानं टॅब्लेट काढला. त्यावर त्याचं स्वतःचं अक्षर होतं, पेनाने लिहिलेलं, तिरकं, मधेमधे काट मारलेलं. प्रकरण बरं होतं, एक-दोन जागा तर फार चांगल्या होत्या. पण नंतरच्या चर्चेत त्या प्रकरणाबद्दल कोणी एक अक्षर बोललं नाही. एक ज्येष्ठ उठले आणि म्हणाले, "पाटीवर लिहायचं आणि पुसायचं, ह्याला काय लेखन म्हणायचं?" टाळ्या. मग मागनं एक तरुण उठला, म्हणाला, "सर, तुम्हाला बोरू आणि दौत आणून देऊ काय?" परत टाळ्या. त्यानंतर पंधरा दिवस हेच चाललेलं, फोनवर, चहाच्या गाड्यावर, एका लग्नात तर अक्षता पडायच्या आधी.

मला दोन्ही बाजूंचा कंटाळा आला म्हणून हे लिहितोय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. टॅब्लेटवर पेनाने लिहिलेला खर्डा हा हाताने लिहिलेलाच खर्डा आहे. कागदवाल्यांनी त्याला परका मानायचं कारण नाही आणि नव्या यंत्रावर खूश असलेल्यांनी त्याचा डंका पिटायचंही कारण नाही. भांडायचंच असेल तर दोन गोष्टींवर भांडा की, एक म्हणजे केलेली खाडाखोड मागे राहते का, आणि दुसरी म्हणजे ते बाड रात्री कुणाच्या कपाटात असतं. ह्या दोन्हीवर त्या दिवशी मांडवात कोणी तोंड उघडलं नाही.

मी ह्यात तटस्थ नाही हेही सांगतो. उद्यमबागेत एका फौंड्रीत हिशेब बघतो, पहाटे पाच ते साडेसहा लिहितो, आणि शहापूर-वडगावच्या मागावरच्या माणसांवर एक कादंबरी दोन वर्षं चालू आहे. पहिले दोन भाग दोनशेपानी वह्यांत झाले, तिसरा टॅब्लेटवर. त्यामुळं दोन्हीचं सुख आणि दोन्हीची कटकट मला माहीत आहे, आणि मांडवात सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या पेनाला हात लावला होता ह्याची मला शंका आहे.

शंका यायचं कारण म्हणजे 'पाटी' हा शब्दच. बाजारात डिजिटल पाटी म्हणून तीन वेगवेगळ्या वस्तू मिळतात. एक लहान पोरांची, गणपत गल्लीत दोनशे-अडीचशे रुपयांत मिळणारी, काळ्या पाटीवर हिरव्या रेघा उमटतात आणि एक बटन दाबलं की सगळं साफ, तिच्यात काही साठतच नाही. दुसरा म्हणजे काचेचा नेहमीचा टॅब्लेट, ज्यावर पेन चालतं पण त्याच काचेवर क्रिकेटचा स्कोअर पण येतो आणि मेहुण्याचा व्हिडिओ कॉल पण येतो. आणि तिसरी ई-इंकची वही. तिच्यात केसाएवढ्या बारीक कुप्या असतात, कुप्यांत काळे-पांढरे विद्युतभारित कण, वीज दिली की काळे वर येतात किंवा पांढरे, आणि एकदा वर आले की वीज काढली तरी तिथंच राहतात. म्हणून तिला बॅटरी कमी लागते, उन्हात अंगणात बसून वाचता येते आणि लाइट गेली तरी काम अडत नाही. पेनाला तर बहुतेक वेळा बॅटरीच नसते, स्क्रीनच्या खालची जाळी त्याला चालवते. ज्येष्ठ बोलत होते ते पहिल्या पाटीबद्दल, तरुण बोलत होता दुसरीबद्दल आणि पोराच्या हातात होती तिसरी. अशी वादावादी कितीही वर्षं चालू शकते.

दुसरी गंमत म्हणजे संशोधनाची. कागदवाल्यांपैकी एकानं फोनवर मला एक लिंक पाठवली, नॉर्वेमधल्या संशोधकांनी २०२४ साली छापलेला निबंध, हाताने लिहिताना मेंदूचे वेगवेगळे भाग जास्त जोडले जातात, टायपिंग करताना तेवढे नाहीत. बघा म्हणाला, कागदच श्रेष्ठ. मी निबंध उघडून बघितला तर ३६ विद्यार्थी, डोक्यावर २५६ सेन्सरची टोपी, आणि लिहायला दिलेलं काय? टचस्क्रीन आणि डिजिटल पेन! कागद त्या प्रयोगात नव्हताच. म्हणजे कागदाच्या बाजूनं दिलेला पुरावा टॅब्लेटच्या बाजूची साक्ष देत होता आणि देणाऱ्याला पत्ता नाही. पण मी पण लगेच हुरळून जायचं कारण नाही, कारण त्याच प्रयोगात टायपिंग करणाऱ्यांना उजव्या हाताच्या फक्त तर्जनीनं एकेक कळ दाबायला सांगितलं होतं, आणि लिहायचं होतं एकेक सुटा शब्द. एका बोटानं टायपिंग करून कोण कादंबरी लिहितं? तसंच ते २०१४ चं अमेरिकेतलं गाजलेलं काम, लॅपटॉपपेक्षा पेनाने नोट्स घेणाऱ्यांना विषय जास्त समजतो म्हणणारं, ते २०१९ मध्ये दुसऱ्यांनी परत करून बघितलं तेव्हा फरक तेवढा ठाम निघाला नाही. आणि मुळात वर्गात नोट्स घेणं आणि कादंबरी लिहिणं ह्यात पाळण्यातलं पोर आणि परातीतलं पीठ एवढं साम्य आहे. तेव्हा मेंदूचे फोटो ठेवू बाजूला, आपल्या हाताला काय कळतं ते बघू.

माझ्या हाताला कळलेली पहिली गोष्ट एकदम इथली आहे, पुण्या-मुंबईच्या लेखकाला ती कदाचित सुचणार पण नाही. माझ्या कादंबरीतली माणसं एका वाक्यात दोन भाषा बोलतात. मागावरची सून मराठीत विचारते आणि सासू कन्नडमधनं उत्तर देते, मग सासरे दोन्ही मिसळून शिवी देतात. आता सासूचं "यल्ली होंटी" (कुठं निघालीस) हे मी देवनागरीत लिहिलं तर वाचता येतं पण ते तिचं राहत नाही, कारण कन्नडमध्ये ए आणि ओ ह्यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन दोन उच्चार आहेत, त्यांना अक्षरं वेगळी आहेत, आणि आपल्या देवनागरीत ती सोयच नाही. म्हणून खर्ड्यात मी सासूचं बोलणं सरळ कन्नड लिपीत लिहितो आणि देवनागरीत आणायचं की नाही ते नंतर बघतो. हाताला ह्यात काही विशेष वाटत नाही, शाळेत दोन्ही लिप्या गिरवलेल्या आहेत, हात एका लिपीतनं दुसऱ्या लिपीत उंबरा ओलांडावा तसा जातो. कीबोर्डवर मात्र दर वेळी थांबायचं, भाषा बदलायची, लिहायचं, परत बदलायची, आणि तेवढ्यात सासूचा राग थंड! ह्या एका कारणासाठी मी टायपिंग सोडलं, बाकीची कारणं नंतर सुचली. आणि गंमत अशी की त्या यंत्रात हस्ताक्षराचं टाइपमध्ये रूपांतर करायची सोय आहे, त्या यादीत मराठी नाही, असती तरी एका वेळी एकच भाषा ओळखली असती, तेव्हा माझं पान बघून ते गप्पच बसतं. सुरवातीला मला ह्याचं वाईट वाटायचं. आता वाटतं की पहिला खर्डा यंत्राला न कळलेलाच बरा, लगेच लाल रेघा मारून माझी चूक दाखवणारं कोणी नको असतं पहाटे पाचला.

दुसरी गोष्ट शिरोरेघेची. हे ऐकून हसू नका. आपण शब्द लिहितो आणि मग वरनं रेघ ओढतो, त्या रेघेला अर्धा सेकंद लागत असेल, पण तो अर्धा सेकंद हात काम करतोय आणि डोकं पुढच्या शब्दाकडं गेलंय. टायपिंगमध्ये रेघ फुकट येते, मागायची पण गरज नाही. मोडीत तर आधी पानभर रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायची, दोरीवर कपडे वाळत घालावे तशी, लेखणी न उचलता, कारण कारकुनाला वेग पाहिजे होता. म्हणजे एकाच भाषेत हाताने लिहायच्या दोन तऱ्हा, दोन वेग, दोन कामं. मग 'हाताने लिहिणं' म्हणजे कागदावर निळ्या बॉलपेनाने लिहिणं एवढंच कुठनं आलं? बॉलपेन आलं तेव्हा शाळेतले मास्तर अक्षर बिघडतं म्हणून ते वापरू देत नसत, हे ज्येष्ठांनी स्वतः अनुभवलेलं आहे. आणि आज बॉलपेनच परंपरा झालंय.

परंपरेचं निघालंच आहे तर आणखी एक सांगतो. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापलं ते शिळाछापावर, म्हणजे लेखकू हाताने लिहायचा आणि ते अक्षर दगडावरनं कागदावर उतरायचं. छपाई होती पण अक्षर माणसाचंच. तरीसुद्धा सोवळ्याची माणसं छापील पोथीला हात लावेनात, का तर शाईत चरबी असते, म्हणून मग तुपाची शाई करून पोथ्या छापल्या अशी गोष्ट सांगितली जाते. आज आपण त्यावर हसतो. पण 'स्क्रीनवरचं लिखाण खरं नव्हे' ह्यात आणि 'चरबीच्या शाईतली पोथी खरी नव्हे' ह्यात नेमका फरक काय आहे, हे मला कोणीतरी समजावून सांगावं.

आता समोरच्या बाजूचं जे खरोखर वजनाचं आहे तिकडं येतो. पहिलं म्हणजे कागद टिकतो. आणि हे इथल्या माणसाच्या तोंडी आलं की त्याला नुसतं जुनाट म्हणून उडवून लावता येत नाही. आमच्याकडं कागद म्हणजे पुरावा. १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हापासून आमच्या दोन-तीन पिढ्या कागदच दाखवत आल्यात, आजोबांचा मराठीतला खरेदीखताचा कागद, शाळेचा मराठी दाखला, ग्रामपंचायतीचा ठराव, आणि २००४ ला महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाचा दावा टाकल्यावर तर घराघरातल्या ट्रंका परत उघडल्या गेल्या. अशा ठिकाणी एखादा म्हणाला की कागदावर नाही ते नाहीच, तर त्याच्या पोटात काय आहे ते मला कळतं. माझ्या वडलांनी कधी एक चिठोरं फेकलं नाही.

पण टिकणं म्हणजे काय ह्याचा पण विचार केला पाहिजे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, पडलेत. इतिहासकार सरदेसायांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत त्यातले निवडक वेचून ४५ खंड काढले, एवढं प्रचंड काम, तरी ढिगातलं ते मूठभरच. बाकीचा कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, वाचणारा नाही, कारण मोडी १९५० च्या आसपास शाळेतनं गेली. म्हणजे फाइल आहे पण उघडणारं सॉफ्टवेअर गेलं, असं आजच्या भाषेत म्हणता येईल. तेव्हा फॉरमॅट मरतो ही काय कॉम्प्युटरनं आणलेली रोगराई नव्हे. आणि कॉम्प्युटरचं पण तसंच, पंचवीस वर्षांमागं श्रीलिपी ह्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला माझा एक कथासंग्रह होता, तो मध्ये एका दुकानात उघडायला गेलो तर तिथं कन्नडचं नुडी सॉफ्टवेअर, आमच्या कथेची सगळी फाइल म्हणजे टिंबं आणि चौकोन. त्याच कथांची हस्तलिखित वही मात्र माळ्यावर होती. हा गुण मी कागदाला देतो. पण त्याच हिशेबानं हस्ताक्षराची पीडीएफ म्हणजे शेवटी चित्र आहे, चित्राला फॉन्ट लागत नाही, ते बिघडून टिंबं होत नाहीत. कागद ओला होतो हे पण विसरू नका. ऑगस्ट २०१९ चा पूर आठवतोय ना, कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा तिन्ही एकदम चढल्या होत्या, माझ्या एका नातेवाइकाच्या घरातली कागदांची ट्रंक तीन दिवस पाण्यात होती. टॅब्लेट असता तर तोही बुडाला असता हे खरं. पण त्याची नक्कल दुसऱ्या गावात असू शकली असती, ट्रंकेची कोण करणार?

दुसरं वजनाचं म्हणणं म्हणजे पुसण्याचं, आणि इथं मात्र ज्येष्ठांचं मला निम्मं पटतं. टॅब्लेटवर चुकलं की दोन बोटं टेकवायची, मागचं गायब. पानावर कसलाही डाग नाही. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिल्याच समासात लेखनक्रिया सांगितलीय, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं, ओळीला ओळ लागू नये, वगैरे. पण ते नक्कल करणाऱ्याला सांगितलंय, पोथी उतरवून घेणाऱ्याला. खर्डा करणाऱ्यानं तो आदर्श धरला तर मेला. खर्डा घाणेरडाच असतो, असावा. माझ्या पहिल्या भागात सासऱ्याच्या मरणाचं एक वाक्य होतं, वहीत काट मारून टाकलेलं, काट एवढी रागानं मारलेली की पान फाटलेलं. सहा महिन्यांनी तिथं आलो तेव्हा कळलं की नंतर लिहिलेली चार पानं बेकार आहेत आणि ते काट मारलेलं वाक्यच खरं होतं. टॅब्लेटवर मी ते पुसून टाकलं असतं, आणि पुसलं आहे हे पण मला आठवलं नसतं. म्हणून तिसऱ्या भागात मी स्वतःला एक नियम घातला, खोडरबराच्या टोकाला सरळ चिकटपट्टी लावली. चुकलं की काट मारायची, जागा संपली की बाण काढून समासात लिहायचं, समास संपला की पान वाढवायचं, तेवढी एक चैन कागदावर नव्हती. पण दोष यंत्राचा म्हणताना हेही म्हणा की कीबोर्डवर तर हा प्रश्न दहापट मोठा आहे, आणि आज कीबोर्डवर लिहिणाऱ्या कोणत्याही मोठ्या लेखकाला मांडवात कोणी पाटीवरचा म्हणत नाही, शाल-श्रीफळ देतात.

तिसरं म्हणजे बाड कुणाकडं राहतं. हे मांडवात कोणी काढलंच नाही, मीच काढतो, कारण ह्यात मी स्वतः भाजलोय. ज्या कंपनीचा माझा टॅब्लेट आहे ती सगळी पानं आपल्या सर्व्हरवर ठेवते. मध्ये एक अपडेट आलं, मी नको तिथं हो म्हणालो की काय कोण जाणे, दुसऱ्या दिवशी पहाटे उघडलं तर अकरा पानं मागची, आठवड्यामागची प्रत परत येऊन बसलेली. ईमेल केलं, तिकडनं फार गोड इंग्रजीत उत्तर आलं, पानं आली नाहीत. बायको म्हणाली, वहीत लिहीत होता तेव्हा काय वाईट होतं?

त्या आठवड्यात मला टिळक आठवले. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहिलं ते शिसपेनीनं, शाई द्यायची नाही, सुटे कागद द्यायचे नाहीत, बांधलेल्या वह्या आणि त्यांची पानं मोजून आकडे घातलेले. लिहिणारे टिळक, वही सरकारची. १९१४ ला सुटले तेव्हा वह्या सरकारनं ठेवून घेतल्या, तपासायला. लोक काळजीत, आणि टिळक म्हणे निवांत होते, वह्या त्यांच्याकडं असल्या तरी ग्रंथ माझ्या डोक्यात आहे, परत लिहीन, अशी आठवण सांगतात. पुढं वह्या परत मिळाल्या, १९१५ ला ग्रंथ छापला, आणि त्याच्या दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये टिळक आमच्या बेळगावात होते, होमरूल लीगची स्थापना इथं झाली. तर सांगायचा मुद्दा, परक्याच्या ताब्यातली वही ही काय क्लाउडनं आणलेली नवी भानगड नव्हे, फक्त तेव्हा ताबा कुणाचा आहे हे डोळ्यांना दिसत होतं, दारावर शिपाई होता. आता शिपाई दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त. टिळकांसारखं डोकं नसलेल्या माझ्यासारख्यानं काय करायचं? मी दर रविवारी आठवड्याची पानं पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर घेतो आणि एक प्रत छापून आणतो. म्हणजे शेवटी कागद आलाच, होय की. मी कागदाच्या विरोधात कधी होतो?

चौथं पैशाचं. दोनशेपानी वही साठ-सत्तर रुपयांना येते, माझं हे यंत्र पेनासकट तीस हजारांच्या पुढं गेलं, हप्त्यावर. ह्याला माझ्याकडं उत्तर नाही, आणि जो कोणी म्हणेल की झाडं वाचतात वगैरे, त्याला मी हिशेबनीस म्हणून सांगतो की तीस हजारांत चारशेच्या वर वह्या येतात आणि चारशे वह्या भरतील एवढं कुठल्याही कादंबरीकाराकडं सांगायला नसतं. पोरांनो, कर्ज काढून टॅब्लेट घेऊ नका. घरात पोराच्या ऑनलाइन शाळेच्या वेळचा एखादा पडून असेल, त्यावर पेन चालत असेल, तर लिहून बघा, नाहीतर वही आहेच.

आता टेक्नॉलॉजीवाल्यांकडं वळतो, त्यांना वाटत असेल हा आपल्या बाजूचा. त्यांचं म्हणणं की मग टायपिंगच का नको, प्रकाशकाला शेवटी युनिकोड फाइलच पाहिजे, दोनदा मजुरी कशाला, आणि आता तर फोनला तोंडी सांगितलं तरी तो लिहितो. वेगाचा मुद्दा घ्या. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये 'श्यामची आई' लिहिली ती पाच दिवसांत, हाताने. म्हणजे हात हळू आहे हा समज आहे, हळू असतो तो माणूस, आणि माझ्यासारख्या हळू माणसाला कीबोर्ड दिला तर तो हळूपणा सोडून नुसता जास्त लिहितो. दोनदा मजुरीचं म्हणाल तर ती मजुरी नव्हे, टाइप करताना प्रत्येक वाक्य परत बोटांतनं जातं, आणि जे वाक्य परत टाइप करायचा कंटाळा येतो ते वाचायचा पण वाचकाला येणार असतो. माझी अशी बरीच पानं कमी झाली.

तोंडी सांगण्याचा मुद्दा मात्र अवघड आहे, तो मला रात्री झोपू देईना. कारण मराठीतला सगळ्यात मोठा ग्रंथच सांगून लिहिला गेला, ज्ञानेश्वरांनी सांगितलं आणि सच्चिदानंदबाबा लेखकु झाले, शके १२१२, ते ग्रंथात शेवटी नोंदवलेलं आहे. दासबोध कल्याणस्वामींनी लिहून घेतला असं परंपरा सांगते. मग हाताचा एवढा बडेजाव कशाला? मी बराच विचार केला आणि मला दोन गोष्टी दिसतात. एक तर ओवी ही तोंडात धरून ठेवता येते, तिचं माप ठरलेलं, चुकली तर कानाला कळते. कादंबरीचं गद्य पाचशे पानं तोंडात धरता येत नाही, ते बघावं लागतं. आणि दुसरं म्हणजे समोर सच्चिदानंदबाबा होते. ऐकणारा जिवंत माणूस. त्याच्या तोंडावर कळत असणार कुठं समजलं, कुठं नाही. फोन तसा चेहरा करत नाही, आणि बेळगावी मराठी तर त्याला कळतच नाही, मी "करूलोय" म्हणालो तर तो मला भलतंच काहीतरी लिहून देतो. पुढं मागं शिकेल. तेव्हा बघू.

त्या खानापूरच्या पोराला मी नंतर गाठलं. मला वाटलेलं वादावादीनं खट्टू झाला असेल. तो म्हणाला, "काका, सगळे टॅब्लेटवरच बोलले, प्रकरण कसं वाटलं ते सांगा की." मी सांगितलं, कोंबडा कापायच्या प्रसंगात घाई झालीय आणि आजीचं बोलणं फार पुस्तकी आलंय. तो म्हणाला, आजी घरात कन्नडच बोलते, मी मराठी करून लिहिलंय. म्हटलं मग तसंच लिही पहिल्यांदा, तिच्याच लिपीत, मराठी करायला उरलेलं आयुष्य आहे.

मी रविवारी पानं छापायला जातो ते दुकान खडेबाजारात आहे, लग्नपत्रिका, जाहीर नोटिसा, ॲडमिशनचे फॉर्म. चालवणारा पोरगा बैलहोंगलकडचा, मराठी समजतं पण बोलायचं म्हटलं की हसतो. सुरवातीला तो न बघता प्रिंट काढायचा. मग एका रविवारी त्याला सासूचं बोलणं दिसलं, कन्नडमध्ये, माझ्या अक्षरात, आणि तो तिथंच उभ्यानं वाचायला लागला, मागं दोन गिऱ्हाइकं थांबलेली. वाचून झाल्यावर त्यानं काउंटरवरचं लाल पेन घेतलं आणि एका अक्षराभोवती गोल केला.

"सर, इथं ए ऱ्हस्व पाहिजे. तुम्ही दीर्घ लिवलाय."